सात दिवसांचं पाणी

१

गवंडी न्याउंदीनं जाताना मला तीनदा बजावलं होतं, "सात दिवस पाणी मारायचं, ताई. सकाळ, दुपार, संध्याकाळ. एक वेळही चुकवायची नाही. काँक्रीट वाळवायचं नसतं, पाजायचं असतं. तान्हं लेकरू आहे असं समजा."

"पाजायचं कसं ते तू मला शिकव आता," मी म्हटलं. "सिमेंट पुरतं घातलंस ना, तेवढं बोल."

"घ्या! दिवसभर उन्हात राबलो आणि वर हे ऐकायचं."

"राबलास म्हणून मासा खाऊ घातला. आता उत्तर दे."

त्यानं छातीवर हात ठेवून शपथ घेतली. शपथेची गरज नव्हती. रिकाम्या पिशव्या मी माझ्या मशीनखाली रचून ठेवल्या होत्या. माझ्या तोंडाला आमचं अख्खं उयोमा गाव भितं, आणि मला त्याचं काही वाटत नाही. बाईमाणसानं एकटीनं घर बांधायचं आणि वर गोड बोलायचं, दोन्ही जमत नाही.

मी शिंपीण आहे. बाजारात माझं मशीन आहे, तीन शाळांचे गणवेश मी शिवते. माहेर साक्वाचं, म्हणून सासरी मला सगळे 'साक्वाची' म्हणतात. रोझलिडा हे माझं नाव फक्त मशीनवर रंगवलेलं आहे. त्या मशीनवर अकरा वर्षं पाय मारून मी एवढंच उभं केलं होतं: दगडाचं जोतं, आत मुरमाची भर, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर तीस बाय वीसचा स्लॅब. भिंती अजून नव्हत्या. वर छप्पर म्हणजे फेब्रुवारीचं आभाळ.

स्लॅबवर मी गोणपाटं अंथरली होती. रोज सकाळी गाढववाला सरोवरावरून आठ कॅन पाणी आणून टाकायचा, ते मी दिवसभरात तीन वेळा शिंपडायचे. पूर्वेच्या कोपऱ्यात एक खांब रोवलेला होता आणि त्या खांबावर एक कोट टांगलेला होता. त्या कोटावरून झालेलं भांडण आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

२

माझा नवरा ओबुरा स्लॅब घातला त्याच्या पाच वर्षं आधी सरोवरात गेला. आभाळ काळं झालंय, आज जाळी राहू दे, असं मी सांगितलं होतं. ऐकेल तर ओबुरा कसला! होडी परत आली, तो आला नाही. नऊ दिवस शोधला, मिळाला नाही.

अशा वेळी आमच्याकडे यागोचं फळ पुरतात. यागोच्या झाडाला दोरीसारख्या लांब देठांना राखाडी फळं लोंबत असतात, हातभर लांब, मांडीएवढी जाड. म्हाताऱ्यांनी त्यातलं सगळ्यात मोठं निवडलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं. चार दिवस सगळं गाव त्या फळाला ओबुरा, ओबुरा म्हणून रडलं. सासूबाईंनी पेटीला तोंड लावून सांगितलं, "ओबुरा, लेकरा, हे तुझं घर. इथंच ये." मी रडले नाही. फळापुढे काय रडायचं? तेव्हापासून माझ्यावर सगळ्यांचा राग आहे. असू दे.

मग छप्पर गळायला लागलं. मेलेल्या माणसाच्या छपराला हात लावायचा नाही, ही रीत. नवं घर बांधायचं तर पहिला दगड नवऱ्याच्या भाऊबंदांपैकी कुणीतरी पुरुषानं बसवायचा, म्हणजे ती बाई त्याची. चर्चवाले आल्यापासून पुरुष स्वतः आला नाही तरी चालतं, त्याचा कोट टांगला की झालं. पाच पावसाळे मी भांडी मांडून काढले. आणि माझा धाकटा दीर ओगोला पाच पावसाळे स्वतःचा कोट हातावर टाकून दारात यायचा.

"वहिनी, रीत म्हणजे रीत. कोट तर टांगायचाय नुसता."

"आज कोट, उद्या तू," मी म्हटलं. "आणि परवा जमिनीचा कागद. ओगोला, तुझ्या कोटाला बोकडाचा वास येतो. आधी तो धू."

"पण कोटाशिवाय दगड बसत नाही."

"कोटच पाहिजे ना? आहे माझ्याकडे."

लग्नात मी ओबुराला स्वतः कोट शिवला होता. गडद निळा, तीन बटणांचा. ट्रंकेतून काढला, झटकला आणि सगळ्यांच्या देखत खांबावर टांगला. ओगोलाचं तोंड उघडंच राहिलं.

"मेलेल्याचा कोट? अहो, ज्याचा कोट त्याचं घर! एकदा दगड बसला की तोच मालक, घर पडेपर्यंत."

"मग माझा नवरा मालक. तुला कशाला झोंबतंय?"

सासूबाई काठी टेकत जवळ आल्या. त्या कधी मोठ्यानं बोलत नाहीत. म्हणाल्या, "साक्वाचे, त्याच्या नावानं हाक मारलीस तर आता ओ कोण देणार, याचा विचार केलास का गं?"

मी पहिला दगड माझ्या हातानं बसवला. रागाच्या भरात माणूस कुणाचं ऐकतो?

३

पहिले दोन दिवस सगळं सुरळीत गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून आले, बघते तर सगळी गोणपाटं ओली आणि काळपट, पण मधोमध, जिथं माझी झोपायची खोली होणार होती तिथं, एक जागा कोरडी. गोणपाट मक्याच्या वाळक्या पानासारखं कडक झालेलं. उचलून पाहिलं तर खालचं काँक्रीट पांढरं पडलेलं. हातभर लांबीचा डाग. बाकी सगळा स्लॅब ओलाचिंब.

पहिल्यांदा मी ओगोलाच्या बकऱ्यांना शिव्या घातल्या. मग एक अख्खा कॅन त्या जागेवर ओतला. पाणी पसरलं नाही. चारी बाजूंनी त्या डागाकडे आलं आणि आत गेलं. जाताना आवाज झाला, बारीक, ओढून घेतल्यासारखा. मी खाली वाकून कान लावला तसा तो थांबला. उन्हानं माझं डोकं फिरलं असेल, असं म्हणून मी उठले आणि तडक न्याउंदीला बोलावणं धाडलं.

"इथं सिमेंट खाल्लंस तू," तो आल्या आल्या मी सुनावलं. "बरोबर माझ्या पलंगाच्या जागी खाल्लंस. लाज वाटली नाही?"

"ताई, पिशव्या तुमच्याच मशीनखाली आहेत की!"

"मग पाणी कुठं जातंय? तुझ्या घरी?"

त्यानं हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. सगळीकडे टण टण वाजत होतं. डागावर ठोकलं तर धप्प.

"पोकळ आहे," मी म्हटलं. "बघ! धरलं की नाही तुला?"

"पोकळ असं वाजत नाही, ताई." त्यानं परत ठोकलं, या वेळी हळू. "पोकळ दणदणतं. हे आतून भरलेलं वाजतंय."

मग त्यानं जोत्याच्या कडेनं प्लास्टिक तपासलं. कुठं फाटलेलं नव्हतं. एका कोपऱ्यात खणून मुरूम हातात घेतला, तर नुसती धूळ. पाणी खाली उतरलंच नव्हतं.

"ऊन फार आहे," तो शेवटी म्हणाला.

"ऊन काय फक्त माझ्या पलंगावर पडतं का रे?"

तो तसाच निघाला. थापी तिथंच विसरला आणि न्यायला परत आला नाही. गवंडी एक वेळ बायको विसरेल, थापी विसरत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी चिडलेली होते, आणि चिडलं की मला दुसरं काही दिसत नाही.

४

चौथ्या दिवशी डाग कमरेएवढा लांब झाला. आठ कॅनांचे सोळा झाले. गाढववाला म्हणाला, "मावशी, हत्ती पाळलाय का?" त्यालाही मी ऐकवलं.

पाचव्या दिवशी सकाळी गोणपाटं बाजूला केली आणि डाग नीट पाहिला. लांब होता, दोन्ही कडा गोलसर. कुणीतरी पाठ टेकून निजलं आणि उठून गेलं, तशी ती जागा दिसत होती. माझ्या गळ्यात टेप असतोच. सहज म्हणून लावला.

पाच फूट दहा इंच.

मी तिथंच खाली बसले. लग्नाआधी ओबुराचं माप घेताना मी त्याला दाराच्या चौकटीला उभं केलं होतं आणि तो म्हणाला होता, "नीट मोज. नंतर कापड उरलं तर मला परत द्यायचं." पाच फूट दहा. छाती चाळीस. बाही पंचवीस. ही मापं माझ्या बोटांत आहेत, डोक्यात नाहीत.

"आलास होय?" मी म्हटलं. "पाच वर्षांनी? जाऊ नको म्हणून सांगत होते, तेव्हा कानात बोळे घातले होतेस! छप्पर गळलं तेव्हा कुठं होतास? तुझा भाऊ कोट घेऊन दारात उभा राहायचा तेव्हा कुठं होतास?"

आणि मग मी रडले. फळापुढे न रडलेलं सगळं रडणं तिथं रडले. आनंद झाला हे मी लपवत नाही. मला तो हवा होता. कसाही चालला असता, ओला, फुगलेला, नुसता डाग होऊन आला असता तरी चालला असता. त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. कॅन न ओतता मगानं हळूहळू पाणी घातलं, आजाऱ्याला पाजतात तसं. जेवणही तिथंच केलं, जोत्याच्या कडेला बसून, आणि त्याला गावातली सगळी भांडणं सांगितली.

निघताना कोटाकडे नजर गेली. मी तो उघडा टांगला होता. आता वरचं बटण लावलेलं होतं. वारा असेल, असं मी म्हटलं. वारा बटणं लावतो का? पण आनंदात असलेल्या माणसाला काहीही पटतं.

५

सहाव्या दिवशी उन्हं उतरताना सासूबाई आल्या. जोत्यावर बसल्या, काठी मांडीवर घेतली आणि बराच वेळ स्लॅबकडे बघत राहिल्या.

"किती मोठा झाला," त्या म्हणाल्या.

"स्लॅब ना? तीस बाय वीस आहे, आई."

"स्लॅब नव्हे."

त्या पुढं म्हणाल्या, "मी रोज थडग्यावर डबाभर पाणी घालते. पाच वर्षं झाली. पण म्हातारीच्यानं किती होणार? तिकडं फार कोरडं आहे. रोज मागायचा. चार दिवस झाले, मागत नाही."

"कोण मागायचं?" मला संताप आला. "आई, त्या पेटीत फळ आहे. यागोचं फळ! तुमच्या डोळ्यांदेखत गुंडाळलंय."

त्यांनी पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "असं त्याच्यासमोर बोलू नये."

"ओबुरा आलाय," मी त्यांचा हात बाजूला करून म्हटलं. "माझा ओबुरा, सरोवरातून. मी मोजलाय त्याला. बरोबर पाच फूट दहा."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि कीव मला अजिबात सहन होत नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग डोकं कुठल्या बाजूला आहे त्याचं?"

मी डागाकडे पाहिलं. एक टोक पाहिलं, दुसरं पाहिलं. दोन्ही सारखीच होती.

६

सातव्या दिवशी दुपारी मी घण घेऊन गेले. आधी टेप लावला. सात फूट दोन. म्हणजे पाच फूट दहा हे त्याचं माप नव्हतंच. वाढता वाढता एक दिवस तो तिथं पोचला होता, एवढंच, आणि त्याच दिवशी मी मूर्खासारखी टेप घेऊन बसले होते. गळ्याजवळ आत वळलेलं काही नव्हतं. खांदे नव्हते. मधोमध फुगीर आणि दोन्हीकडे निमुळतं. माझे पाच वर्षांचे अश्रू मी कुणाला पाजले होते!

मग मी कोटाकडे गेले. शिंपिणीला कपडा पाहून अंग कळतं. कुणाचा खांदा पडलाय, कुणाला दिवस गेलेत, कपडा आधी सांगतो. तिन्ही बटणं लावलेली होती. पोटावर कापड ताणून माझी स्वतःची शिलाई उसवायला आली होती, टाक्याटाक्यातून दोरा दिसत होता. खांदे आत बसले होते, कारण त्यांना उचलून धरणारं आत काही गेलंच नव्हतं. आणि बाह्या जशा मी टांगल्या तशाच होत्या, सपाट. कोट कुणीतरी घातला होता, आणि त्याला हात नव्हते. नाक लावलं तर ओबुराच्या तंबाखूचा वास गेलेला. आतून कच्च्या फळाच्या हिरव्या गराचा वास येत होता.

मी घण उचलला.

"फोडा, वहिनी, फोडा!" मागून ओगोलाचा आवाज आला. सायकल हातात धरून तो दात काढत उभा होता. "न्याउंदीनं सांगितलं मला, स्लॅब वाया गेला म्हणून. मोडलेल्या घराची जागा भाऊबंदांकडे जाते, म्हाताऱ्यांशी बोलून ठेवलंय मी. एक घाव घाला, बाकीचे मी घालतो."

"तू खालीच थांब. माझ्या स्लॅबवर पाय ठेवू नकोस."

"तुमच्या? बघू तरी काय एवढं—"

त्यानं जोत्यावर पाय ठेवला आणि त्याचं बोलणं तुटलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या मागं बघत होता. मीही वळले. मधली गोणपाटं हलत होती. वारा नव्हता, खांबावरचा कोट स्थिर होता. झोपलेलं माणूस कूस बदलतं तेव्हा पांघरूण जेवढं उचलतं, तेवढी ती उचलली, आणि परत बसली. एका बाजूची कड क्षणभर वर राहिली. तिच्याखाली राखाडी, खरबरीत, गोल असं काहीतरी होतं. काँक्रीट असावं. मी काँक्रीटच म्हणते.

ओगोला पळाला. सायकल टाकून, एक चप्पल टाकून पळाला.

मी घण हातात धरून उभी राहिले. फोडलं तर अकरा वर्षं गेली, जागा गेली, आणि उरलेलं आयुष्य गळक्या छपराखाली ओगोलाच्या कोटाची वाट बघायची. नाही फोडलं तर घर माझं, पण एकटीचं नाही. मला भयंकर संताप आला. इकडून कोट, तिकडून कोट! बाईला नुसतं घर, त्यात कुणी नसलेलं, देवाच्या दुकानात मिळतच नाही का?

घण खाली ठेवला आणि कॅन उचलला. दुपारच्या पाण्याची वेळ झाली होती.

७

याला तीन वर्षं झाली. घर उभं आहे. छप्पर पत्र्याचं, एक थेंब गळत नाही. भाऊबंद फाटकाच्या आत येत नाहीत. ओगोलाची सायकल अजून माझ्याकडेच आहे, बाजारात जायला बरी पडते. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. शेवटच्या महिन्यात त्या रोज येऊन मधल्या खोलीच्या दाराला टेकून बसायच्या आणि आत काहीबाही बोलायच्या. मी ऐकायचे नाही.

मी पुढच्या खोलीत झोपते. मधल्या खोलीला बाहेरून कडी आहे. पाणी आत ओतायला भिंतीत एक नळी बसवून घेतलीय. सकाळ, दुपार, संध्याकाळ, आता बावीस कॅन. एकदा ताप आला म्हणून दुपारचं चुकलं, तर संध्याकाळी माझ्या माठात पाणी नव्हतं, फुलझाडं मान टाकून पडली होती आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती. तेव्हापासून चुकवत नाही. सात दिवस म्हणाला होता न्याउंदी. भेटू दे मेला एकदा.

मागच्या पावसाळ्यात दाराखालून कोट बाहेर सरकवलेला मिळाला. पाठीत उभा फाटलेला. आत कुणी नेला होता म्हणाल, तर मी नाही. मी सकाळभर त्याच्याकडे बघत बसले, मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि मग नवा शिवायला घेतला. काय करणार? मालक आहे. माप घ्यायला आत गेले नाही, फाटलेल्या कोटावरून अंदाज आला. कापड खूप लागलं. बाह्या लावल्या नाहीत.

जुन्या कोटाच्या बाह्या मात्र मी उसवून काढल्या. त्यांच्यात ते कधी गेलंच नाही. कोपरापाशी अजून चुण्या आहेत, ओबुराच्या हाताच्या. सरोवरातून तो खरंच कधी आला, तर त्याला द्यायला माझ्याकडे एवढंच उरलंय. उशीखाली ठेवते. अजून कोरड्या आहेत.